शिफ्टचं काम, नळाचं पाणी आणि रोजची उपासना: वेळ कशी बसवायची? मदत हवी आहे

जय ख्रिस्त सर्वांना.

आम्ही सोलापूरला, अक्कलकोट रोडच्या बाजूला राहतो. हे टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत. एक आठवडा दिवसपाळी, पुढचा आठवडा रात्रपाळी, बारा-बारा तास. घरात सासूबाई, दोन मुलं, मी. जागा दीड खोली.

सासरे होते तेव्हा रोज रात्री जेवणाआधी कौटुंबिक उपासना व्हायची. एक भजन, एक अध्याय, सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना, मग ताटं. त्यांची नोकरी शाळेत, संध्याकाळी घरी म्हणजे घरी. आता तसं काहीच राहिलं नाही.

रात्रपाळीच्या आठवड्यात हे सकाळी येतात, भाकरी खातात आणि झोपतात. सासूबाईंना बारीक अक्षर दिसत नाही, वाचून दाखवावं लागतं. कानानंही कमी ऐकू येतं, म्हणजे मोठ्यानं वाचायचं. त्यांच्यासाठी वाचलं की यांची झोप मोडते. रात्रभर मागांची खडखड ऐकून आलेल्या माणसाला घरी तरी शांतता नको का? मोबाइलवर मराठी बायबल लावून इअरफोन दिला, तर सासूबाई म्हणतात, "कानात बोळे घालून कुठं देवाचं ऐकू येतं व्हय?"

दुसरी गोष्ट पाणी. सोलापूरकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते: नळाला काही दिवसांआड पाणी सुटतं आणि वेळेचा भरवसा नाही. पहाटे प्रार्थनेला बसावं तर बाहेरून ओरडा, "पाणी आलं!" मग मोटर, पाइप, बॅरल, घागरी. शेजारची मोटर आधी चालू झाली की आपल्याकडे करंगळीएवढी धार. "आमेन म्हणून येते" असं चालत नाही तिथं.

मोबाइलचं तर बोलायलाच नको. वचन उघडलं की वर शाळेच्या ग्रुपचा मेसेज, की मी गेले तिकडे.

उपदेशात नेहमी मार्क 1:35 सांगतात. प्रभू पहाटे अंधारात उठून एकांतात प्रार्थना करत होता, तसं तुम्हीही उठा. पाळकसाहेबांबद्दल आदर आहे, पण लगेच पुढची दोन वचनंही वाचावीत ना! शिमोन आणि त्याच्या सोबतचे शोधत तिथं पोहोचतात आणि म्हणतात, सगळे तुम्हाला शोधताहेत. म्हणजे प्रभूलाही कुणी निवांत बसू दिलं नाही. मला तिथं आमच्या गल्लीतला पाण्याचा ओरडाच ऐकू येतो.

शिवाय वर्षात बायबल पूर्ण करायचा तक्ता भिंतीवर आहे. रोज तीन अध्याय, रविवारी पाच, असे 1189. जानेवारीत उत्पत्ती, निर्गम झोकात होतं, लेवीयातल्या अर्पणांपाशी गाडी रुतते. मागे पडलेले अध्याय साठत जातात आणि तक्त्याकडे बघावंसंही वाटत नाही.

तर ज्यांच्या घरी शिफ्ट आहे त्यांनी सांगा, वेळच ठरलेली नसेल तर सवय कशाला बांधायची? आणि सासूबाईंचं काय करू? "इच्छा असली की वेळ मिळतो" हे कृपया कुणी लिहू नका, ते घरीही ऐकते.

मिरजेची सिस्टर:
ताई, नर्सिंगमध्ये जन्म गेला माझा, ड्युट्या फिरत्याच. घड्याळाला बांधलं की सुटतं, कामाला बांधलं की टिकतं. मी ड्युटीवरून येऊन पाय धुतले की स्तोत्र वाचायची, मग ते सकाळी आठ असो की रात्री दहा. तुम्हाला चहा उकळेपर्यंतचा वेळ मिळत असेल तर तोही चालेल.

तक्ता उतरवून ठेवा. स्तोत्र 120 ते 134 ही पंधरा घ्या. 132वं सोडलं तर एकातही नऊपेक्षा जास्त वचनं नाहीत. 127 मध्ये पहाटे उठून, रात्री उशिरापर्यंत राबून कष्टाची भाकरी खाणाऱ्यांना काय म्हटलंय बघा: देव आपल्या प्रियजनांना झोप देतो. दमलेल्या बाईला हे आधी सांगायला हवं, पहाटेचं नंतर. आणि 134 तर तीनच वचनांचं, मंदिरात रात्री उभं राहून सेवा करणाऱ्यांसाठी. तुमच्या मिस्टरांना द्या, कारखान्यात निघताना उंबऱ्यात म्हणून होतं.

साखरपेठकर:
वहिनी, मीही मागावरच. मागाच्या आवाजात मोठ्यानं गायलं तरी शेजारच्याला कळत नाही, मी भजनं तिथंच म्हणतो. भाऊंना विचारून बघा, तेही म्हणत असतील, घरी सांगत नसतील. कौटुंबिक उपासना आम्ही सुट्टीच्या दिवशीच पूर्ण करतो, बाकीचे दिवस फक्त प्रभूची प्रार्थना, जे घरात असतील त्यांची. आजींना बाहेर ओट्यावर बसवून वाचा की, झोपही मोडणार नाही. उन्हाळ्यात मात्र नऊच्या आत उरका, नंतर ओटा तापतो.

एक वाचक:
लेवीय टाळणं मला पटत नाही. सगळंच देवाचं वचन आहे, सोपं तेवढं वाचायचं ही पळवाट झाली.

मिरजेची सिस्टर:
टाळा कुठं म्हटलं? नंतर वाचा म्हटलं. घरात पाणी भरायला दुसरं माणूस असलं की लेवीयही वाचून होतं.

धागाकर्ती:
सिस्टर, साखरपेठकर दादा, मनापासून आभार. यांना विचारलं. खरंच म्हणतात हो मागावर! लग्नाला इतकी वर्षं झाली, मला पत्ता नाही. 134 पाठ करून घेते म्हणाले.

ओट्याचं जमेल, पण शेजारच्या आजी तेलुगू बोलणाऱ्या, त्याही येऊन बसतात आणि मध्येच अर्थ विचारतात. सासूबाई मोडक्या तेलुगूत सांगत बसतात, तीन वचनांना अर्धा तास जातो. त्यांना दोघींना ते आवडतंय, माझी भाजी मात्र राहते. म्हणून आता एवढंच विचारते: स्तोत्रसंहिता वेगळी, मोठ्या ठळक अक्षरांत, मराठीत सोलापुरात कुठं मिळेल? म्हणजे सासूबाईंना स्वतःच वाचता येईल. आणि तेलुगूतही मिळाली तर त्या आजींसाठी एक घेईन म्हणते.