पीईटीचे तीन नकाशे, तीन वेगळे आकडे: गावाच्या ताळेबंदात कोणता धरू?

माणगंगाकाठ:
नमस्कार मंडळी. माण तालुक्यातल्या आमच्या गावाचा पाण्याचा ताळेबंद करतेय. पावसाची बाजू जमली, वर्षाला साधारण साडेचारशे मिलिमीटर. अडलंय ते खर्चाच्या बाजूला. जमीन आणि पीक मिळून किती पाणी हवेत जाऊ शकतं, म्हणजे संभाव्य बाष्पपर्णोत्सर्जन (इंग्रजीत पीईटी), त्यासाठी जगाचे तयार नकाशे उतरवून घेतले: ग्लोबल पीईटीची जुनी आवृत्ती, तिचीच नवी आवृत्ती आणि उपग्रहावरच्या मोडिस यंत्राचा मॉड16. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये गावाच्या शिवारावर क्लिक केलं की तिन्हीकडे वेगळा आकडा. मॉड16 मध्ये तर एप्रिलच्या एका चौकोनात 640 दिसतं आणि तलावाच्या जागी बत्तीस हजारांच्या वर. शिवाय कुठलाही नकाशा घेतला तरी खर्च पावसाच्या कितीतरी पट येतो. ग्रामसभा पंधरा दिवसांवर आली आहे. फळ्यावर काय लिहू?

नकाशावाला:
आधी मॉड16. फाइलमधली संख्या 0.1 ने गुणायची, आणि ती आठ दिवसांची बेरीज असते. म्हणजे 640 चे झाले 64 मिमी, दिवसाला 8. 32700 च्या वर जे दिसतं ते माप नव्हेच. पाणी, वस्ती, उजाड जमीन अशा जागांचे ते संकेतांक आहेत, 'नो डेटा'त टाका. वर्षाची बेरीज करताना शेवटचा तुकडा पाचच दिवसांचा असतो, लीप वर्षात सहा.
ग्लोबल पीईटीची जुनी आवृत्ती हारग्रीव्ह्ज पद्धतीची, नवी पेनमन-माँटीथची, म्हणजे पीईटी काढायची दोन वेगळी सूत्रं. त्या जुळल्या असत्या तरच नवल. उद्या सीआरयूचा (इंग्लंडातल्या हवामान संशोधन केंद्राचा) डेटा घेतलात तर तिथे आकडा मिमी प्रतिदिन असतो हे लक्षात ठेवा.

पॅनवाले काका:
ताई, मी एका कृषी हवामान केंद्रावर एकोणीस वर्षं बाष्पीभवन पात्राच्या नोंदी घेतल्या, म्हणून लिहितो. चार फूट व्यासाचं, वीतभर खोलीचं पत्र्याचं भांडं, वर पक्ष्यांसाठी जाळी. आत एका छोट्या नळीत पितळी टोक उभं असतं. काल पाणी त्या टोकाला टेकलेलं होतं, आज किती खाली गेलं ते पाहायचं आणि मापाच्या नळकांड्याने पाणी ओतून पुन्हा टोकाला टेकवायचं. नळकांड्याचा व्यास पात्राच्या बरोबर एक दशांश, म्हणून नळकांड्यातले दहा सेंटिमीटर म्हणजे पात्रातला एक मिलिमीटर. हे माझे हात अजून विसरलेले नाहीत.

चैत्र-वैशाखात नळकांडं पुन्हा पुन्हा भरावं लागायचं, त्याचं कुणालाच काही वाटत नसे. मला चकित केलं ते आषाढाने. आभाळ भरलेलं, ऊन नाही, पाऊसही नाही, आणि नुसता पश्चिमेचा वारा. नळीतलं पाणीसुद्धा थरथरायचं, टोक टेकलं की नाही ते कळायला वाकून थांबावं लागायचं. अशा दिवशी मला वाटायचं त्याहून जास्त पाणी ओतावं लागे. तुमच्या भागात पाऊस डोंगरापलीकडे राहतो आणि वारा तेवढा येतो, हे तुम्हाला मी काय सांगणार.

आता हारग्रीव्ह्जचं सूत्र बघा: 0.0023 गुणिले सरासरी तापमान अधिक 17.8, गुणिले कमाल-किमान फरकाचं वर्गमूळ, गुणिले वातावरणाबाहेर मिळणारं ऊन. मे महिन्यात आपल्या अक्षांशावर ते ऊन, ते किती पाणी उडवू शकतं त्या मिलिमीटरमध्ये मोजलं तर, 15.8 च्या आसपास. कमाल 40, किमान 22 धरलं तर उत्तर येतं दिवसाला साडेसात मिमी. तेच कोकणात कमाल 33, किमान 26 धरलं तर साडेचार. तापमानाच्या फरकावरून ढग आणि दमटपणा ओळखायची ही युक्ती चांगली आहे, पण सूत्रात वारा कुठेच नाही. ते 1985 चं, कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या गवताच्या नोंदींवर बसवलेलं. त्याआधी 1948 मध्ये थॉर्नथ्वेटने फक्त तापमान आणि दिवसाची लांबी घेतली होती, तीही पूर्व अमेरिकेच्या ओल्या हवेत. कोरड्या मुलखात ती पद्धत कमी सांगते.

त्याच 1948 मध्ये इंग्लंडात रॉथमस्टेडला पेनमनने ऊन आणि वारा एकत्र मांडले. आजचं एफएओचं (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचं) 1998 चं पेनमन-माँटीथ त्याचंच पुढचं रूप. त्यात पीकसुद्धा ठरलेलं आहे: 12 सेंटिमीटर उंचीचं, पाण्याची ददात नसलेलं हिरवं गवत.

मी जुलैचा एक ढगाळ दिवस घालून पाहिला. कमाल 31, किमान 22, आर्द्रता 65 टक्के, निव्वळ ऊर्जा 11 मेगाज्यूल. वारा सेकंदाला 2 मीटर धरला तर 4.5 मिमी येतात, 4 मीटर धरला तर 5.3. हा जो 0.8 चा फरक आहे तो एकरी रोज सव्वातीन हजार लिटर आहे. आणि गंमत नाही सांगत, वाऱ्याची नोंद नसेल तर 2 मीटर धरा असं एफएओचंच मार्गदर्शन आहे, कारण जगभरातल्या 2000 हून अधिक केंद्रांची ती सरासरी. जगाची सरासरी तुमच्या माळावर कशी चालेल? सीआरयूच्या डेटात तर वारा 1961 ते 1990 च्या सरासरीवर बांधलेला आहे, दर वर्षी तोच.

एका किलोमीटरच्या चौकोनालाही भुलू नका. तिथे कुणी मोजलेलं नाही, दूरदूरच्या केंद्रांच्या नोंदी डोंगर-उतार पाहून मधे भरलेल्या आहेत. त्या नोंदी कशा असतात तेही ऐका. आमच्याकडे एका उन्हाळ्यात पात्राभोवतीच्या गवताला पाणी देणं बंद केलं. गवत वाळलं, आजूबाजूची माती तापली, पात्रातलं पाणी भराभर उतरू लागलं. मी वहीच्या कडेला तसं लिहिलं, पण वर आकडेच तेवढे गेले. म्हणून पात्राच्या आकड्यावरून पीईटी काढताना हिरवळीतल्या पात्राला जो 0.7 चा गुणक लावतात तो कोरड्या माळावरच्या पात्राला लावू नये, तिथे तो बराच कमी घ्यावा लागतो.

आणि तुमचा मुख्य प्रश्न. पीईटी ही हवेची तहान आहे. रानात पाणी असेल तेवढीच ती भागते. तिला खर्चाच्या रकान्यात टाकलंत तर ताळेबंद कधीच जुळणार नाही.

द्राक्षबाग_तासगाव:
काकांशी सहमत. आम्ही पीईटीला पिकाच्या अवस्थेचा गुणक लावूनच ठिबक किती वेळ चालवायचं ते ठरवतो. पण ताई, गावाला अर्धशुष्क म्हणायचं की नाही एवढ्यासाठी नकाशांचा वाद करत बसू नका. पाऊस भागिले पीईटी 0.20 ते 0.50 मध्ये आलं की अर्धशुष्क. 450 मिमी पावसाला पीईटी 900 पासून 2250 पर्यंत कितीही धरा, उत्तर तेच. तुमचे तिन्ही नकाशे बहुतेक त्यातच बसतील.

माणगंगाकाठ:
बसतात, तिन्ही बसतात, आत्ताच पाहिलं. काका, खर्चाचा रकाना पुसला. आता पिकाखालचं क्षेत्र आणि उभ्या पिकाचे दिवस घेऊन बसतेय, आणि नव्या आवृत्तीचा महिन्या-महिन्याचा पीईटी वेगळ्या ओळीत 'तहान' म्हणून लिहिणार आहे. एक विचारायचं होतं. शेजारच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, तिथल्या एका ओळखीच्यांकडे जमिनीपासून दहा मीटर उंचीवरच्या वाऱ्याची दोन वर्षांची नोंद आहे. ती तशीच सूत्रात घालू का?

पॅनवाले काका:
तशीच नको. सूत्राला दोन मीटरवरचा वारा लागतो, त्यासाठी 0.748 ने गुणा, म्हणजे पाऊणपटच. पण पठार आणि तुमचं शिवार यांच्या उंचीत किती फरक आहे ते आधी कळवा. आणि आषाढाचे दिवस वेगळे काढून मला पाठवा, मी माझ्या जुन्या वह्यांशी लावून बघतो.