तेल सापडलं म्हणजे देशाचं भाग्य उजळलं?

चेंबूरकर
बाबा बॉम्बे हायवर, म्हणजे मुंबईसमोरच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर होते. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. जुहूहून हेलिकॉप्टरनं जायचे. परत आले की आई त्यांची बॅग घरात येऊ द्यायची नाही, आधी मोरीत. कपडे दोनदा भिजवले तरी डिझेलचा वास जात नसे. 'सागर सम्राट' या तेलविहीर खोदणाऱ्या रिगनं १९७४ मध्ये तेल कसं शोधलं, ही गोष्ट मी बाबांकडून शंभरदा ऐकली असेल. त्यामुळे तेल म्हणजे लक्ष्मी, हे डोक्यात पक्कं होतं.

आता ते पटत नाही. जगात सगळ्यात जास्त तेलसाठा व्हेनेझुएलाकडे आहे, सुमारे ३०० अब्ज बॅरल. तरी तिथून सत्तर लाखांहून जास्त माणसं पोटासाठी देश सोडून गेली. ओपेक ही तेल निर्यात करणाऱ्या देशांची संघटना स्थापन करणाऱ्यांपैकी एक, पेरेझ अल्फोन्सो, त्याच देशाचे तेलमंत्री होते. तेलाला ते 'सैतानाची विष्ठा' म्हणत. माझं मत असं, की तेल देशाला घडवत नाही आणि बिघडवतही नाही. तेल येण्याआधी तिथला कारभार कसा होता, त्यावर सगळं ठरतं. नॉर्वेत तो चांगला होता, म्हणून नॉर्वे तरला.

गिरगावकर
साफ असहमत. हा सगळा दोष त्या त्या देशाच्या माथी मारणं झालं. इराणनं १९५१ मध्ये तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं. १९५३ मध्ये तिथले पंतप्रधान मोसादेघ यांचं सरकार अमेरिका आणि ब्रिटननं उलथवलं. कारभार सुधारायला त्यांना कोणी वेळ दिला?

आणि डोकी मोजा हो. नॉर्वेत जेमतेम ५५ लाख माणसं, आपल्या मुंबईच्या निम्मीही नाहीत. नायजेरियात वीस कोटींहून जास्त. तिथल्या तेलाचा पै न् पै प्रामाणिकपणे वाटला तरी माणशी किती येणार? दहा माणसांच्या घरात एक नारळ आणि दोघांच्या घरात दहा नारळ, मग दुसऱ्या घराची शिस्त चांगली म्हणायची?

चेंबूरकर
डोक्यांचा मुद्दा मान्य. इराणचाही. पण नॉर्वेचं नुसतं नशीब म्हणू नका, कारण तिथं पहिल्या दिवसापासून घाबरून, विचार करून पावलं टाकली गेली. त्यात एका इराकी माणसाचा मोठा हात होता, हे मला फार भिडलं. फारूक अल-कासिम, बसऱ्याचे भूगर्भशास्त्रज्ञ. बायको नॉर्वेची, मुलाला सेरेब्रल पाल्सी. त्याच्या उपचारांसाठी १९६८ मध्ये चांगली नोकरी सोडून तिकडे गेले. ओस्लोहून बायकोच्या गावी जायची गाडी संध्याकाळी होती. हातात दिवस मोकळा, म्हणून उद्योग मंत्रालयात जाऊन विचारलं, तेलाच्या कंपन्या कोणत्या, कुठं काम मिळेल? मंत्रालयालाच अशा माणसाची गरज होती. पुढच्याच वर्षी समुद्रात एकोफिस्क या ठिकाणी तेल लागलं. तेल काढणारी सरकारी कंपनी वेगळी आणि तिच्यावर लक्ष ठेवणारं खातं वेगळं, ही १९७२ ची रचना त्यांच्या आराखड्यातून आली. इराकचंच शहाणपण, पण कामी आलं नॉर्वेत.

पुढे १९९० मध्ये तेलाचा पैसा साठवायच्या निधीचा कायदा केला. तो पैसा देशाबाहेरच गुंतवतात. कारण हॉलंडचा धडा समोर होता. ग्रोनिंगेनला १९५९ मध्ये गॅस लागला, परकीय चलन धो धो आलं, तिथलं चलन गिल्डर महागलं, मग तिथल्या कारखान्यांचा माल बाहेर कोणी घेईना. खजिना लागला आणि चालता धंदा बसला. नॉर्वे आता निधीतून वर्षाला साधारण तीन टक्केच काढतो.

शारजा रिटर्न
चेंबूरकर, तुमचा 'आधीचा कारभार' आखातात लागू पडत नाही. तेलाआधी तिथं मोती होते, आणि त्यांची मोठी बाजारपेठ आपली मुंबई. जपानी कल्चर्ड मोती आले, जागतिक मंदी आली, धंदा बुडाला. नॉर्वेसारखी संसद नाही, कर गोळा करणारी यंत्रणा नाही. चलन तर कित्येक वर्षं आपला रुपया. १९५९ पासून रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या नोटा छापायची. तरीही कुवेतनं १९५३ मध्ये, स्वतंत्र होण्याच्या आठ वर्षं आधी, तेलाचा पैसा गुंतवायला मंडळ नेमलं. म्हणजे नॉर्वेच्या कायद्याच्या ३७ वर्षं आधी! दुबईकडे तेल थोडंच होतं. त्यांनी बंदरं बांधली. दुबईच्या जेबेल अली बंदरात मी अकरा वर्षं काढली आहेत, ते बंदर रात्रीही झोपत नाही.

मोरा बंदर
नॉर्वे, कुवेत झालं असेल तर जरा समोरच्या समुद्राकडे या. बॉम्बे हायचं तेल-गॅस पाइपलाइननं आमच्या उरणला येतं. प्लॅटफॉर्मच्या खांबांभोवती मासळी जमते, पण ५०० मीटरच्या आत बोट न्यायची नाही. सुरक्षेसाठी आहे, कळतं. माझे दीर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख आहेत, ते जाळं आवरून लांबूनच वळतात. आसामला जमिनीतल्या तेलाची रॉयल्टी मिळते. समुद्रातलं तेल केंद्राचं, महाराष्ट्राला तसा वाटा नाही. नायजेरियाला सगळे नावं ठेवतात, पण तिथल्या घटनेत तेल निघणाऱ्या राज्यांसाठी किमान १३ टक्के लिहिलेत.

गिरगावकर
पण तिथल्या नायजर डेल्टात मासेमारी तेलगळतीनं मेली. ते १३ टक्के कोळ्याच्या हातात कुठं पडले?

मोरा बंदर
नाही पडले. म्हणूनच राज्याचा वाटा नकोय मला. अलास्का १९८२ पासून दर वर्षी तेलाच्या निधीतून प्रत्येक रहिवाशाच्या नावावर पैसे टाकतं. तसं उरणच्या, करंजाच्या कोळ्यांच्या खात्यात थेट टाका. आमच्या मच्छीमार सोसायटीकडे बोटींची यादी आहे, नावानिशी.