मदत हवी: शिंगाड्याच्या बोडीतला हा बारका जीव सायक्लेस्थेरिया हिस्लॉपी (क्लॅम श्रिम्प, म्हणजे शिंपल्यासारख्या कवचातला झिंग्याचा लांबचा नातलग) हाच आहे का?

नमस्कार मंडळी, मी नागपूरचा, पाण्यातले बारके जीव बघायचा नाद आहे. मौद्याकडच्या एका शिंगाड्याच्या बोडीतून (छोट्या तळ्यातून) पाणवनस्पती आणल्या आणि पांढऱ्या बादलीत झटकल्या की पिवळसर, पारदर्शक असं काहीतरी तळाशी फिरताना दिसतं, नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर बीच वाटेल. ग्राफ पेपरवर ठेवून मोजलं, मोठे साधारण ३ मिमी भरतात.

कवच दोन झडपांचं, जवळजवळ गोल, आणि त्यावर कडेला समांतर वाढीच्या रेषा अगदी स्पष्ट आहेत, म्हणून ऑस्ट्राकोड (दोन झडपांच्या कवचातलाच दुसरा बारका जीव) नाही हे नक्की, त्यांच्या कवचावर अशा रेषा नसतात. डोळ्याचा एकच काळा ठिपका. खरी गंमत पाठीकडे आहे, कवच आणि पाठ यांच्यामधल्या जागेत पिल्लं वळवळतात आणि प्रत्येकाला आधीच स्वतःचं इवलंसं कवच असतं! बाकीच्या क्लॅम श्रिम्पची अंडी बाहेर पडतात आणि त्यातून नॉप्लियस अळी निघते, इथे तो प्रकारच नाही. म्हणून मला सायक्लेस्थेरिया वाटतंय.

मी इतका मागे का लागलोय ते सांगतो. स्टीफन हिस्लॉप, म्हणजे आपल्या हिस्लॉप कॉलेजचं नाव ज्यांच्यावरून आहे तेच, त्यांनी नागपुरात गोळा केलेल्या नमुन्यांवरून बेअर्ड या प्राणिशास्त्रज्ञाने १८५९ मध्ये ही जात वर्णन केली आणि हिस्लॉपचंच नाव दिलं. सार्स या दुसऱ्या प्राणिशास्त्रज्ञाने १८८७ मध्ये तिच्यासाठी वेगळी प्रजाती (जीनस) केली तीच सायक्लेस्थेरिया. पुढे आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका सगळीकडचे एकाच नावाखाली नोंदले गेले, आता डीएनएवरून दिसतंय की त्या एका नावात बऱ्याच जाती दडल्यात. मग खरी हिस्लॉपी कोणती हे ठरवायला नागपूरच्याच पाण्यातला नमुना लागणार ना! म्हणून वर्णन कच्चं राहायला नको.

आता अडतंय कुठे ते बघा. हात लावला की झडपा घट्ट मिटतात आणि आतलं काही दिसत नाही. सोडा वॉटरचे थेंब टाकून आधी गुंगी आणायची असं ऐकलंय, कुणी केलंय का, किती वेळ ठेवायचं? शेपटीकडच्या टेल्सनवरचे काटे आणि पायांचे केस बघायचे तर कवच न चुरता कसं काढता, ग्लिसरीनमध्ये का? नर अजून एकही सापडला नाही, या जातीत माद्या बहुतेक नराशिवायच पिल्लं देतात हे माहीत आहे, पण नरात पायांची फक्त पहिली जोडी पकडीसारखी असते, बाकी क्लॅम श्रिम्पमध्ये बहुधा पहिल्या दोन, त्यामुळे तो मिळाला तर ओळख पक्की होईल. वर्षाच्या कोणत्या काळात शोधावा? डीएनएसाठी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतोय, पण रचना बघायच्या नमुन्यांना ७० टक्के बरं का?

नागपुरात कुणाकडे कॅमेऱ्याचा कंपाउंड मायक्रोस्कोप असेल तर प्लीज सांगा, जिवंत माद्या बोडीच्याच पाण्यात घेऊन मी स्वतः येतो. आणि पुण्याच्या प्राणी सर्वेक्षण केंद्रात नमुने जमा केलेले कुणी असतील तर लेबलवर तारीख, गाव, अक्षांश-रेखांश याशिवाय काय लिहायचं तेवढं कळवा.