घरीच शिकणारी मुलं, घरातल्या भाषा आणि घरातलं गाणं : तुमचे अनुभव हवेत

मंडळी,

माझी मुलगी येत्या श्रावणात सहा पूर्ण करेल. बालवाडीचं एक वर्ष झाल्यावर आम्ही तिला घरीच शिकवायचं ठरवलं, त्याला आता दीड वर्ष होईल. गणित आणि परिसराचं बरं चाललंय. मला बोलायचंय ते भाषा आणि गाण्याबद्दल, कारण या दोन गोष्टी वहीत मावत नाहीत, पण घरात दिवसभर असतात.

सुरुवातीला मी घरात शाळाच मांडली होती. नऊ ते साडेनऊ मराठी, मग इंग्रजी, संध्याकाळी पेटी. तीन महिन्यांत असं झालं की पेटीवरचं कापड काढलं तरी ती रडायची. मला वाटलं, हिला गाण्याची आवडच नाही. खरी चूक पट्टीची, म्हणजे सा कुठल्या उंचीवर धरायचा याची होती. मी माझ्या पांढरी पाचमध्ये (पेटीच्या पट्ट्यांवरूनच ही नावं) गायचे आणि तिचा आवाज त्या खालच्या सुरांपर्यंत पोचतच नव्हता. एक दिवस फोनवरचा तानपुरा मधल्या सप्तकातल्या काळी एकला लावला, पेटी उघडलीच नाही, आणि कणीक मळत सा लावला. ती ओट्याशी येऊन उभी राहिली आणि माझ्या सा मध्ये तिने सा मिसळला. तेव्हापासून आम्ही फक्त भूप रागात खेळतो. त्यात म आणि नी नाहीत, त्यामुळे अर्ध्या सुराची अवघड जागाच येत नाही, आणि पोर कुठेही गेलं तरी बेसूर व्हायची भीती कमी.

कायद्याचं दरवेळी विचारलं जातं, म्हणून एवढंच: शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. घरी शिकण्याबद्दल त्यात वेगळी तरतूद नाही. पुढे दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग आहे, वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत, आणि मराठी माध्यमही आहे.

तुमच्याकडे काय चालतं, काय सोडून द्यावं लागलं, दोन्ही लिहा. सोडून दिलेलं तर जरूर लिहा.

चेन्नईहून, एक आई

माझं माहेर मिरज, सासर तमिळ. मी लेकाशी मराठी बोलते, नवरा तमिळ, आणि इंग्रजी खालच्या मजल्यावरच्या मुलांकडून आपोआप आली. हिंदी मुद्दाम थांबवली आहे.

साडेतीन वर्षांचा असताना तो शेजारच्या मराठी काकूंना म्हणाला, "आपण आजीकडे जाणार." काकू म्हणाल्या, "मीपण येऊ?" तो गोंधळला. मी आपण आणि आम्ही समजावायला लागले तर काही केल्या जमेना. नवऱ्याने बाजूने फक्त विचारलं, "नाम की नांगळ?" तमिळमध्ये अगदी हाच भेद आहे: समोरच्याला धरून नाम, समोरच्याला सोडून नांगळ. लेकाने लगेच सांगितलं, "नांगळ. आम्ही!" त्या दिवशी मला कळलं की एक भाषा दुसरीची जागा अडवत नाही. इंग्रजीत किंवा हिंदीत त्याला हा आधार मिळालाच नसता.

गाण्यात मात्र आम्ही दोघी, म्हणजे मी आणि सासूबाई, खरंच भांडलो. कर्नाटक संगीताचे पहिले धडे मायामाळवगौळ रागात असतात. ते म्हणजे आपल्या भैरवाचे सूर, कोमल रे, कोमल ध. मी बिलावलपासून, म्हणजे सगळ्या शुद्ध सुरांपासून सुरुवात करणारी. पाच वर्षांचं मूल सकाळी एक सारेगम म्हणतंय आणि संध्याकाळी दुसरंच, हे मला घातक वाटत होतं. एकदा तो माझ्याबरोबर भूप गात होता, तर आतून सासूबाई म्हणाल्या, "हे तर मोहनम!" दोघींनी मिळून गायलो. त्यांची गमकं, म्हणजे सूर झुलवणं वेगळं, माझा ठहराव वेगळा, सूर तेच पाच. आता सकाळ त्यांची, संध्याकाळ माझी. तो पाट्टीसमोर, म्हणजे आजीसमोर "रि" म्हणतो आणि माझ्यासमोर "रे". एकदाही चुकलेला नाही.

अजून एक लिहिते. माहेरचा तंबोरा आणलाय, पंढरपूरकडच्या भोपळ्याचा. त्याची जवारी, म्हणजे तारेतला झणकार, लावायचं काम लेकाकडे आहे. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली सुती दोरा असतो, तो केसाएवढा पुढेमागे सरकवायचा. एका जागी तार नुसती टण् वाजते आणि अगदी पुढच्याच जागी तिच्यातून झणकार फुटतो. तो कान घोडीला लावून, श्वास रोखून सरकवतो. "उघडली," म्हणतो. हा शब्द मी शिकवलेला नाही.

जर्मनीतून, एक बाबा

आमच्याकडे हा पर्यायच नाही. जर्मनीत मुलाला प्रत्यक्ष शाळेत पाठवणं सक्तीचं आहे, घरी शिकवायला परवानगी नाही. म्हणून आमची घरची शाळा दुपारी चारनंतर आणि शनिवारी.

आकड्यांचा अनुभव सांगतो. ४३ ला जर्मन लोक म्हणतात "द्राय-उंड-फियर्त्सिश", म्हणजे तीन आणि चाळीस. आपलं त्रेचाळीस अगदी तसंच, आधी तीन. त्यामुळे मुलीला मराठी आकडे बोलायला सोपे गेले, पण लिहिताना दोन्ही भाषा तिला एकाच खड्ड्यात ढकलायच्या: ऐकलं त्रेचाळीस, लिहिलं ३४. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीससाठी "वीस एक" अशी रचना आणली तेव्हा मी विरोधात होतो. आज त्यामागची अडचण समजते, तरी मी एकवीसच शिकवतो, कारण तिच्या आजीशी बोलताना तिला एकवीसच लागणार आहे. एकोणचाळीस सगळ्यात कठीण गेलं, ती ४९ लिहायची. शेवटी दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे केले आणि एक काडी तिलाच उपसायला लावली. एक उणे चाळीस. तेवढ्यावर सुटलं.

शाळेत ती बासरी शिकते. तिथे सूर ठरलेले: सी, डी, ई. तिने विचारलं, "यातला सा कुठला?" मी म्हटलं, तू म्हणशील तो. ती दोन दिवस प्रत्येक सुरावर सा ठेवून बघत होती.

नागपूरहून

आम्ही दोन वर्षं केलं आणि थांबलो. मुलगा भाषेत, तबल्यात छान पुढे गेला. पण तो रोज चार वाजता गॅलरीत उभा राहून शाळेची व्हॅन येताना बघायचा. मी ते बघून न बघितल्यासारखं करत होते. एके दिवशी त्याने विचारलं, "मला मुलांमध्ये कधी शिकायला मिळेल?" वयानुसार वर्गात प्रवेश मिळणं हा त्याचा कायद्याने हक्क आहे, तरी एका शाळेने शाळा सोडल्याचा दाखला मागून आम्हाला पाच खेपा घालायला लावल्या. ज्या शाळेत तो कधी गेलाच नाही तिचा दाखला आणू कुठून? दुसरीकडे मिळाला प्रवेश. मला आजही अपराधी वाटतं, पण निर्णय चुकला असं वाटत नाही. नव्याने ठरवणाऱ्यांनी सोबतीचा विचार पहिल्या दिवशी करावा, दोन वर्षांनी नाही.

वाईहून, एक आजोबा

सूनबाई नोकरी करते, मुलगा बाहेरगावी. नातू माझ्याकडे. मला तबल्याचे बोल येतात, हात आता चालत नाही. मग आम्ही खलबत्ता घेतो. भाजलेले शेंगदाणे घालायचे आणि दादरा: धा धी ना, धा ती ना. सहा मात्रा. पहिल्या धा ला बत्ता जोरात दाण्यांवर, चौथ्या मात्रेला "खाली", म्हणजे तालातली बिनजोराची जागा, तेव्हा तो दाण्यांवर न मारता खलाच्या काठाला नुसता टेकवायचा. कूट होईपर्यंत शंभरेक आवर्तनं होतात. खाली म्हणजे काय हे मी त्याला समजावून सांगितलेलं नाही, त्याच्या मनगटाला ती आली आहे.

संध्याकाळी दिवा लागला की परवचा. पाढे, आणि पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढेसुद्धा. लोक म्हणतात आता कशाला? मला त्याची जीभ वळायला हवी आहे. पाऊणकी म्हणणाऱ्या पोराची जीभ कुठल्याच जोडाक्षराला अडत नाही.

धागाकर्ती

नागपूरच्या ताई, तुम्ही लिहिलंत म्हणून खूप आभार. आम्ही या शनिवारपासून इमारतीतल्या चार मुलांना भूपाला बोलावतोय.

वाईचे काका, दादऱ्यानंतर लगेच तीनताल घेतलात का?

वाईचे आजोबा

नाही ताई. तीनताल सोळा मात्रांचा, एवढं लांबचं पोराला धरवत नाही. आधी केरवा, आठ मात्रा. सध्या कपडे वाळत घालताना चालू आहे. एक चिमटा, एक मात्रा, आणि आठवा चिमटा लागला की धावत दोरीच्या पहिल्या टोकाला परत, कारण सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, तिथे आहे.