सहकारनगरच्या आतल्या गल्लीत आईबाबांसाठी फ्लॅट बघतोय, एरिया सेफ आहे का ते कसं कळणार?

सातारकर_८७
नमस्कार मंडळी. आईबाबा साताऱ्याचं घर बंद करून पुण्यात यायला एकदाचे तयार झालेत. सहकारनगरमध्ये तळजाई टेकडीच्या बाजूला एका आतल्या गल्लीत फ्लॅट बघितलाय, पहिला मजला, १२ फ्लॅटची जुनी सोसायटी, लिफ्ट नाही पण एक जिना बाबांच्या गुडघ्यांना झेपतो. गल्ली आवडली, झाडं आहेत, वाणी, डेअरी, मेडिकल सगळं चालत. पण ऑफिसातला एकजण म्हणाला तिकडे चोऱ्या फार, रात्री गाड्या फोडतात, आणि तेव्हापासून नीट झोप नाही. मी बंगळुरूला, म्हणजे इथे दोघंच राहणार, आणि आई पहाटे टेकडीवर जाणार म्हणजे जाणारच, ती कुणाचं ऐकत नाही. नेटवर अख्ख्या पुण्याचे आकडे सापडतात, पण एका गल्लीचं कुठे बघायचं? तिकडे राहणाऱ्यांनी प्लीज सांगा.

जुना_रहिवासी
गल्लीचा क्राइम रेट असा काही नसतो हो. एनसीआरबीचा, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी ब्युरोचा, रिपोर्ट येतो त्यात २० लाखांच्या वरच्या शहरांचं वेगळं कोष्टक असतं, दर लाख लोकसंख्येमागे किती गुन्हे, त्यावरून तुमच्या १२ फ्लॅटबद्दल काहीच कळत नाही. आणि तो आकडा नोंदवलेल्या गुन्ह्यांचा. जिथे तक्रार लगेच लिहून घेतात तिथे आकडा फुगतो आणि जिथे माणसाला चार चकरा मारायला लावून परत पाठवतात तो एरिया कागदावर शांत दिसतो. म्हणून नुसत्या आकड्याला घाबरू नका आणि भुलूही नका.

त्यापेक्षा एक करा, महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर प्रकाशित एफआयआर असतात. २०१६ ला सुप्रीम कोर्टाने एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाका असं सांगितलंय, संवेदनशील गुन्हे सोडून. आपलं पोलीस स्टेशन निवडायचं, तारखा टाकायच्या आणि शांतपणे दोन-तीन महिन्यांचे वाचायचे. घरफोडी दिवसाची की रात्रीची, जबरी चोरी कुठल्या चौकात, वाहनचोरी कुठून, सगळं अंदाजाने कळतं. कंटाळवाणं काम आहे पण ऑफिसातल्या माणसाच्या ऐकीव गोष्टीपेक्षा बरं.

जुन्या आकड्यांशी तुलना करताना मात्र सांभाळून. २०२४ मध्ये पुण्यात आंबेगाव, नांदेड सिटी, बाणेर, खराडी अशी ७ नवीन पोलीस स्टेशनं झाली, हद्दी बदलल्या, मग कुठे गुन्हे एकदम कमी दिसतात ते हद्द तुटल्यामुळे. त्यात १ जुलै २०२४ पासून जुन्या आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात हिसकावून नेणं हा ३०४ कलमाखाली वेगळा गुन्हा झाला, आधी तेच चोरी नाहीतर जबरी चोरीत धरायचे.

कोथरूडकर
मागे वस्ती आहे का ते बघा. असेल तर घेऊ नका, साधा हिशोब.

टेकडीवाली
@कोथरूडकर हा हिशोब चुकीचा आहे आणि वाचून वाईट वाटलं. मी २२ वर्षं याच भागात राहते. आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशी त्याच वस्तीतल्या. ३ वर्षांपूर्वी माझ्या आईचं मंगळसूत्र गेलं तेव्हा पहिल्या धावत आल्या त्या, आई रस्त्यात बसून थरथरत होती, त्यांनी तिला रिक्षात घालून घरी आणलं. बंगल्यांच्या गॅलरीतून बघणारे बरेच होते, खाली कुणी उतरलं नाही.

सातारकर, तुमच्या आईबद्दल मुद्दाम लिहितेय. माझ्या आईच्या गळ्यातलं कुणी ओढलं नाही. सकाळी दोघं बाइकवरून आले, आम्ही पोलीस आहोत, पुढे खून झालाय, काकू दागिने अंगावर घालून कशाला फिरता, काढून रुमालात बांधून ठेवा म्हणाले. बांधायला मदतही केली. ते गेल्यावर आई खुनाच्या धसक्याने रस्त्यातच बसली, मावशींनी घरी आणल्यावर रुमाल सोडला तर आत दगड. आई शिक्षिका होती, हुशार बाई, पण खाकी बूट आणि दरडावणारा आवाज ऐकला की त्या पिढीचं डोकं चालेनासं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे तिने आम्हाला २ दिवस सांगितलंच नाही, लाज वाटली म्हणून, तोवर जवळच्या दुकानाचं फुटेज पुसलं गेलं होतं. तेव्हा आईला आत्ताच सांगून ठेवा, खरा पोलीस रस्त्यात दागिने काढायला लावत नाही, कुणी थांबवलं तर तिथेच ११२ लावायचा, आणि काही झालंच तर आधी तुम्हाला फोन करायचा, कुणी रागावणार नाही. आणि टेकडीवर जाऊ द्या हो त्यांना, उजाडल्यावर, ग्रुपबरोबर. आमचा बायकांचा ग्रुप आहे, त्यांना सामील करून घेऊ.

सेक्रेटरी_काका
आमच्या सोसायटीत दिवाळीत घरफोडी झाली होती म्हणून सांगतो. कडीकोयंडा उचकटून आत गेले, पण त्याआधी त्या मजल्यावरच्या बाकीच्या तिन्ही दारांना बाहेरून कड्या लावल्या, आम्हाला आवाज आला तरी बाहेर पडता येईना. त्यानंतर सगळ्यांनी बाहेरच्या कड्या काढूनच टाकल्या. कोणता फ्लॅट रिकामा हे त्यांना दारात साचलेल्या पेपरवरून कळलं असावं, गावाला जाताना पेपर-दूध बंद करायला लोक विसरतात. कॅमेरे होते पण गाडीच्या हेडलाइटने नंबर प्लेट नुसती पांढरी दिसत होती. तर फ्लॅट बघायला रात्री ११ ला एकदा जा, गल्लीतले किती दिवे चालू आहेत मोजा, वॉचमन आहे का, असला तर जागा आहे का, आणि कॅमेऱ्याचं कालचं रेकॉर्डिंग सेक्रेटरीकडे प्रत्यक्ष बघायला मागा. इस्त्रीवाल्याशी बोला. तो दिवसभर तिथे उभा असतो, त्याला सगळं माहीत असतं.

नेहा_प
दोघंच राहणार असतील तर फोनवरच्या चोराचंही सांगून ठेवा. पोलीस असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवर अटकेची भीती घालतात, त्या डिजिटल अरेस्टच्या नावाखाली घरात बसलेल्या ज्येष्ठांचे आयुष्याचे पैसे जातात, त्याला एरिया चांगला-वाईट काही नसतो. पैसे गेले तर लगेच १९३०, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

सातारकर_८७
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी रात्री जाऊन आलो. गल्लीतले २ दिवे बंद होते, डेअरीवाल्याने सांगितलं की तक्रार केली की आठवड्यात लावतात, म्हणजे तक्रार करणारं कुणीतरी आहे. एफआयआर वाचले, गल्लीचं नाव एकदाच आलं, पार्किंगमधून दुचाकी गेलेली. इस्त्रीवाले दादा अर्धा तास बोलले, आणि निघताना बाबा कधी येतायत विचारलं. टेकडीवाली ताई, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली, ती गप्प झाली आणि मग म्हणाली मंगळसूत्र बँकेत ठेवते, काळी पोत घालते. टोकन देतोय. एकच विचारायचं राहिलं, सेफ्टी डोअर जाळीचं घ्यावं की पूर्ण बंद पत्र्याचं?

सेक्रेटरी_काका
जाळीचं. दार न उघडता समोर कोण उभं आहे ते आईला दिसलं पाहिजे, आणि आतून साखळी लावून घ्या.