नवीन सिस्टरांना बेडसोर ओळखायला शिकवायचं कसं? स्लाइड नको, अनुभव सांगा

वॉर्ड_नंबर_कळत_नाही:
मुंबईतल्या एका हॉस्पिटलात मेडिसिन वॉर्डला स्टाफ आहे, अकरा वर्षं झाली. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बेडसोर (पडून पडून दाबानं होणारी जखम) प्रतिबंधाचा दिवस असतो, त्यानिमित्त सात नवीन मुलींचा क्लास मेट्रन मॅडमनी माझ्या गळ्यात घातलाय. एक तास, प्रोजेक्टर, शेवटी चहा-समोसा.

मागच्या वर्षीही असाच झाला. बेडसोरचा धोका मोजायचं ब्रेडन स्केल सगळ्यांना तोंडपाठ: सहा मुद्दे, ६ ते २३ गुण, १८ किंवा खाली आला की धोका. चार्टही व्यवस्थित भरले जातात. आणि तरी हे झालं.

पॅरालिसिसचे एक आजोबा, सावळे, किडकिडीत. सकाळी स्पंज करताना मावशी म्हणाल्या, ‘सिस्टर, इथं हात लावा, गरम लागतंय.’ माकडहाडाच्या वर कातडी शेजारच्यापेक्षा थोडी काळपट, दाबली तर कडक. चार्टवर रात्री दोन, चार, सहा, तिन्ही वेळा पोझिशन बदलल्याची सही, एकाच पेनानं, एकाच दमात केल्यासारखी. पाठीवर मात्र चादरीच्या घडीचे वळ दोरीसारखे उमटलेले. रात्रभर माणूस हललेला नव्हता. पाच दिवसांनी ती जागा फुटली.

रात्रपाळीच्या मुलीला विचारलं तर रडायला लागली. म्हणे, ‘मी टॉर्च मारून बघितलं, लाल नव्हतं काही.’ ती खोटं बोलत नव्हती. पुस्तकातला फोटो गोऱ्या माणसाचा, आपल्या कातडीवर लाल दिसणार कुठून? सहीचं मात्र मी तिला ऐकवलं. पण अडतीस पेशंट, दोन सिस्टर, एक मावशी, हेही खरंच आहे.

तर मी या सात जणींना काय दाखवू?

निवृत्त_इन्चार्ज:
अगं, क्लासरूम सोड आणि बेडपाशी उभी राहा. एकेकीचा हात धरून पेशंटच्या पाठीवर ठेव. बोटानं तीन सेकंद दाबायचं, सोडायचं. जागा फिकी पडून रंग परत आला तर ठीक, फिकीच पडली नाही तर ती बेडसोरची पहिली पायरी. सावळ्या कातडीवर हे कळेलच असं नाही, मग हाताची पालथी बाजू लावायची: शेजारच्यापेक्षा गरम आहे का, गार आहे का, कडक आहे का, की जास्त पिकलेल्या चिकूसारखी मऊ पडलीय. पेशंट बोलता असेल तर दुखतंय का विचारायचं. आणि शक्यतो खिडकीच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली रंग फसवतो.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी बेडसोरच्या ‘प्रेशर अल्सर’ या नावातला ‘अल्सर’ शब्द काढून ‘इंज्युरी’ केला तो याचसाठी. पहिल्या पायरीत कातडी फुटलेलीच नसते. फुटायची वाट बघितली तर आपण उशिरा पोचलो.

आता माझी कबुली. आमच्या वेळी बॅक केअर म्हणजे स्पिरिट, पावडर आणि खसाखसा चोळणं. त्याला प्रॅक्टिकलमध्ये मार्क असायचे! स्पिरिटनं कातडी कोरडी पडते, आणि हाडावरच्या लालसर कातडीवर चोळलं तर आतलं मांस आणखी दुखावतं. टाचेखाली पाणी भरलेले ग्लोव्हजही मी अभिमानानं ठेवलेत. ते बंद. उशी पोटरीखाली, टाच हवेत. खालून कागद आरपार सरकला पाहिजे. रबरी रिंगही नको, तिच्या कडेनं रक्त अडतं.

ऑक्सिजनच्या नळीखाली कानामागे आणि राइल्स ट्यूबपाशी (नाकातून पोटात जाणारी नळी) नाकपुडीत बघायला शिकव. तिथं कोणी बघतच नाही.

फिजिओ_दादरवाला:
दोन गोष्टी. कुशीवर वळवा म्हटलं की मुली पेशंटला पूर्ण आडवा करतात, सगळा भार खुब्यावर. तीस अंश पुरे, पाठीमागे उशी. दुसरं, फीड देताना डोकं वर करतात, मग पेशंट हळूहळू खाली घसरतो. कातडी चादरीला चिकटते, हाड पुढे सरकतं. मग काखेत हात घालून ओढतात, म्हणजे उरलंसुरलंही सोलतं. ड्रॉ शीट, म्हणजे पेशंटखालची आडवी चादर, धरून दोघांनी उचला.

सहीचा उपाय: बेडच्या वर मोठा कागद लावा. ‘८ डावी, १० पाठ, १२ उजवी.’ कागदावर डावी असताना पेशंट उजवीकडे असेल तर राउंडला आलेल्या डॉक्टरपासून नातेवाइकापर्यंत सगळ्यांना दिसतं. तुमच्याकडे दोन तासांनी राइल्स फीड असेलच, त्यालाच जोडून टाका.

आईची_लेक_डोंबिवली:
मी नर्स नाही, पण आई दोन महिने बेडवर होती. एअर बेड भाड्यानं आणला, वाटलं सुटलो. वर तीन चादरी, त्यावर रबर शीट, आणि पंपाचा काटा शेवटच्या आकड्यावर. गादी फळीसारखी टणक! एका सिस्टरनं खाली हात घालून बघितलं तेव्हा कळलं. आई चाळीस किलोची, काटा वजनाप्रमाणे लावायचा असतो हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. नातेवाइकांनाही दहा मिनिटं द्या ना क्लासमध्ये.

वॉर्ड_नंबर_कळत_नाही:
सिस्टर, ग्लोव्हजचं वाचून हसू आलं, आमच्याकडे कालच दोन सापडले.

डायपरच्या ओलीनं सोललेली कातडी आणि बेडसोर यात मुली गोंधळतात, तेही बेडवरच दाखवीन. ओलीचं असतं ते घडीत, पसरलेलं, कडा अस्पष्ट, त्याला स्वच्छता आणि झिंकचं क्रीम. दाबाचं असतं ते हाडावर. दोन्ही एकत्र असले की मीही दोनदा बघते.

प्रोजेक्टर रद्द केलाय. मेट्रन मॅडमना आवडलं नाही, फोटोत बॅनर येणार नाही म्हणून. क्लासची सुरुवात मावशींनी करायची, गरम जागा हाताला कशी लागली ते त्यांच्या तोंडून. आधी लाजल्या, मग म्हणाल्या, ‘येते, पण साडेपाचला सोडा. सहाला आमच्या चाळीत पाणी येतं.’