मदत हवी आहे: बर्लिंग्टनचा आयलंड लाइन ट्रेल, बाबा सायकलवर आणि आई पायी

नमस्कार मंडळी,

आई-बाबा सध्या आमच्याकडे आलेत, सप्टेंबरअखेर परत जातील, त्याआधी त्यांना व्हरमाँटमध्ये बर्लिंग्टनला न्यायचंय, लेक शँप्लेनच्या काठाने जो जुन्या रेल्वेलाइनचा ट्रेल आहे ना, आयलंड लाइन, तिथे. ज्यांनी हा केलाय, त्यातही वयस्कर माणसांना घेऊन केलाय, त्यांनी प्लीज सांगा. जरा सविस्तर लिहितेय, अडचण नेमकी कुठे आहे ते कळावं म्हणून.

बाबा ७१ चे. सगळी नोकरी रेल्वेत, पर्मनंट वेला, म्हणजे रूळ, स्लीपर, खडी, भराव हेच आयुष्य. ट्रॉलीवर बसून उन्हातान्हात लाइन तपासत फिरायचे आणि घर ते ऑफिस सायकल. मी सहज त्यांना फोनवर या ट्रेलचा फोटो दाखवला, पाण्याच्या मधून रेघ मारल्यासारखा भराव गेलाय आणि त्यावरून लोक सायकली चालवतायत असा, तर त्यांनी फोन हातातून घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि डोंगर नाही, पाणी नाही, कडेचे दगडच बघत बसले. "पिचिंग बघ कसं केलंय," म्हणाले, म्हणजे भरावाच्या उतारावर रचलेले दगड. ते दगड संगमरवराचे आहेत हे सांगितलं तर खरंच वाटेना त्यांना. रटलंड रेल्वेने १९०० च्या आसपास हा भराव टाकला, म्हणजे सव्वाशे वर्षं लाटा आणि हिवाळ्यातला बर्फ झेलत उभा आहे. मग १९६१ ला संप झाला आणि त्यानंतर लाइन बंदच पडली. हे ऐकल्यावर बाबा जरा वेळ गप्प बसले. आमचे आजोबाही रेल्वेत होते, १९७४ च्या संपात होते, घरात तो विषय निघाला की अजूनही सगळे हळू आवाजात बोलतात. मग म्हणाले, "मला जायचंय तिथे. गाडीतून बघायला नको, सायकलने."

तर आता प्लॅन. अख्खा ट्रेल १४ मैलांच्या आसपास आहे, तेवढा करायचा नाहीये. कोलचेस्टरच्या एअरपोर्ट पार्कला गाडी लावून तिथून भरावाच्या टोकापर्यंत, म्हणजे ज्याला तिथे 'कट' म्हणतात तिथपर्यंत जायचं, साधारण चार मैल, तेवढंच परत. म्हणजे १३ किलोमीटर झाले. चढाची भीती नाही, बाबा स्वतःच म्हणाले की रेल्वेला चढ चालत नाही, तिथे सपाटच असणार. मला काळजी वेगळ्याच गोष्टींची आहे.

एक म्हणजे आई. तिला सायकल येत नाही आणि आता शिकायची नाहीये. रोज सकाळी तीनेक किलोमीटर चालते, गुडघा एक दुखरा आहे, १३ किलोमीटर शक्यच नाही. पण तिला गाडीत बसवून आम्ही दोघांनी मजा करून यायचं हे मला पटत नाही. तिला ते मधलं पाणी बघता आलं पाहिजे, दोन्हीकडे डोंगर, पश्चिमेला अ‍ॅडिराँडॅक आणि पूर्वेला ग्रीन माउंटन्स, मी फोटोत बघूनच वेडी झालेय.

दुसरं म्हणजे ब्रेक, आणि हे खरंच सीरियस आहे. गेल्या आठवड्यात घरासमोर सराव म्हणून बाबांना माझ्या नवऱ्याची सायकल दिली, थांबताना त्यांनी सवयीने डावा ब्रेक दाबला. आपल्याकडे डावा मागच्या चाकाला असतो, इथे तो पुढच्या चाकाला, त्यामुळे मागचं चाक उचललं गेलं आणि ते हँडलवर आपटले. लागलं नाही फार, तळहात खरचटला, पण माझ्या पोटात गोळा आला. भरावाच्या दोन्ही बाजूंना दगड आणि पाणी, तिथे असं झालं तर?

तिसरं, डावीकडून चालवायची साठ वर्षांची सवय. ट्रेलवर उजवी बाजू धरायची आणि मागून येणारे 'ऑन युवर लेफ्ट' (म्हणजे तुमच्या डावीकडून पुढे जातोय) ओरडतात, बाबा 'लेफ्ट' ऐकून डावीकडेच सरकणार.

कोणी सांगेल का काय करावं?

---

प्रतिसाद:

आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो होतो म्हणून लिहितो. तुम्ही जाऊन-येऊन करूच नका. कट म्हणजे भरावात साधारण २०० फुटांची मोकळी जागा आहे, पूर्वी तिथे बोटी जाव्यात म्हणून फिरता पूल होता. आता सीझनमध्ये लोकल मोशन ही संस्था तिथे छोटी बोट चालवते, सायकलसकट पलीकडे सोडतात आणि पायी येणाऱ्यांनाही घेतात. पलीकडचा साऊथ हिरोच्या (बेटावरच्या गावाच्या) बाजूचा तुकडा अगदी छोटा आहे, आई आरामात चालतील. तुम्ही आणि बाबा एअरपोर्ट पार्कहून सायकलने निघा, मिस्टर आईंना गाडीने साऊथ हिरोला नेतील, आई चालत कटपर्यंत येतील, तुम्ही बोटीने त्यांच्याकडे. सायकली गाडीला लावा आणि घरी. परतीचे चार मैल वाचले.

वारा मात्र बघा, हे सगळ्यात महत्त्वाचं. तळं उत्तर-दक्षिण लांबच लांब आहे, भरावावर आडोसा काही नाही आणि सावलीही फारशी नाही. दक्षिणेचा वारा असेल तर तुमचा प्लॅन आहे तसाच, पाठीवर वारा येईल. उत्तरेचा असेल तर उलटं करा, साऊथ हिरोहून निघा. वारा जास्त असला की बोटही बंद ठेवतात, तेव्हा निघायच्या दिवशी सकाळी चौकशी कराच.

भरावावर डांबर नाही, बारीक खडी दाबून बसवलेली आहे. बारीक टायरची सायकल घेऊ नका, जरा रुंद घ्या. ब्रेकच्या केबल दुकानात अदलाबदल करून मिळतात, डावा मागचा करून घ्या म्हणजे बाबांच्या हाताला सवयीचा होईल. भाड्याची सायकल घ्याल तर आधी विचारा. आणि 'लेफ्ट'साठी, तुम्ही बाबांच्या मागे राहा, पुढे नाही. मागून कोणी आलं की तुम्हीच मराठीत "बाबा, उजवीकडे" म्हणा.

---

धागाकर्तीकडून:

खूप खूप आभार, मधे भेटायचं हे मला सुचलंच नव्हतं. आईला सांगितलं, ती म्हणाली, "म्हणजे हे बोटीतून उतरणार आणि मी काठावर उभी असणार?" आणि लगेच बुटांची लेस तपासायला लागली.

ब्रेक काल बदलून आणले, रुंद टायरची सायकल शेजाऱ्यांनी दिली, सीटही खाली केली म्हणजे दोन्ही पाय टेकतात. बाबा दोन दिवस पार्किंगमध्ये फेऱ्या मारतायत आणि मी मागून "उजवीकडे" ओरडतेय. आज सहा वेळा ओरडले, पाच वेळा बरोबर सरकले.

बाबांनी मोजायचा टेप मागून घेतलाय, भरावाची वरची रुंदी मोजायचीय, सिंगल लाइनला किती ठेवली होती ते बघायला.

पुढच्या शनिवारी निघतोय. त्या विकेंडला तिकडे कोणी असेल तर सकाळी वारा कुठून आहे ते प्लीज इथे टाका.